बाबांनी सिनेमा मनावर घेतला

रविवार, ता. १७

प्रिय दादा,

नमस्कार वगैरे. इकडे सगळे ठीक. आईची पाठ बरी आहे, बाबांच्या चष्म्याच्या दुकानाला नवा फलक लागला, आणि मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. फोनवर भांडायची सोय नाही, कारण मी फोन घेतला की आई दाराआड उभी राहते. म्हणून पत्र.

मला मुली आवडतात हे मी घरात सांगितलं, तेव्हा तू लांबून दोघांना समजावलंस. उपकार झाले. पण ते सिनेमे कशाला सुचवलेस रे? दर रविवारी जेवणं उरकली की बाबा खिडक्या लावून घेतात आणि आम्ही ओळीने बसतो. पडद्यावर कुठलंतरी पोरगं चाचरत घरी सांगतं, आईबाप थयथयाट करतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत शहाणे होतात. बाबा ढसाढसा रडतात. आई पडदा सोडून माझ्याकडेच बघत बसते. "शाळेत तुला कोणी छळत नाही ना?" असं सारखं विचारते, आणि नाही म्हटलं की जरा हिरमुसतेच!

इथवर मी हसण्यावारी नेलं. पण आपले बाबा नुसतं बघून थांबणारे आहेत का?

माझ्या बाकावर बसणारी ती. मला आवडते ती कोण, हे आईने खोदखोदून माझ्याकडून काढून घेतलं होतं आणि बाबांना सांगितलं होतं. नाव लिहीत नाही, आधीच पुरेसा बोभाटा झालाय. मंगळवारी तिचे वडील नंबर तपासायला दुकानात आले. बाबांनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, डोळे मिटून बसायला सांगितलं, आणि शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला. "आपल्या पोरींचं एकमेकींवर प्रेम आहे. मीही आधी हादरलो होतो. आता अभिमान वाटतो. तुम्हीही मन मोठं करा."

त्या माणसाला समोरचं धड दिसतसुद्धा नव्हतं, दादा. तसेच उठले आणि भिंत चाचपत बाहेर गेले.

बाबा घरी आले ते हवेतच. "काही बोलले नाहीत. म्हणजे विचार करतायत!"

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. मग बाई म्हणाल्या, दाखला काढून नेला, आता मावशीकडे राहून शिकणार. फोन बंद.

काल मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने दार उघडलं. वाटलं, आता कानाखाली बसते. पण तिने दार मागे ओढून घेतलं आणि जिन्यातच हळू आवाजात म्हणाली, "मला कधीचंच कळलं होतं गं. ती आपणहून सांगेल म्हणून थांबले होते. ह्यांनाही मी कलाकलाने सांगणार होते. तुझ्या वडिलांना एवढी कसली घाई होती?"

काय सांगू मी? माझ्या वडिलांनी सात सिनेमे पाहिलेत म्हणून?

आज दुपारी बाबा आठवा लावत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला रिमोट तसाच राहिला. "पण मी चांगल्यासाठीच..." म्हणाले. मग म्हणाले, "मी जाऊन माफी मागतो त्यांची."

"नको!" मी आणि आई एकदम ओरडलो.

तेव्हापासून ते खोलीत बसून आहेत. रात्रीचं जेवलेलेही नाहीत. दुष्ट बाप असता तर परवडला असता रे, मनसोक्त भांडले तरी असते. या माणसाशी भांडायचं तर आधी त्याचेच डोळे पुसावे लागतात. ते मी आज करणार नाही. आईला जमलं तर करू दे.

तू ये. चार दिवस रजा काढ आणि बाबांजवळ बस. मला समजवायला येऊ नकोस.

बाकावर आता मी एकटीच असते. बाई म्हणाल्या, पुढे येऊन बस. मी नाही गेले.

काल मी जिना उतरायला लागले तेव्हा तिच्या आईने मला पुन्हा हाक मारली. "तिकडे ती कोणाशी बोलेल गं?" एवढंच विचारलं. मी नुसती कठडा धरून उभी राहिले आणि ती आत गेली.

तुला उत्तर येत असेल तर कळव. नसेल तर तसं लिही, पण काही सुचवू नकोस.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच वाट बघणारी,
धाकटी