वारसिनीच्या काढलेल्या भुवया

मी, वारसिनी, दिवंगत सुकार्दी यांची पत्नी, वय बासष्ट, धंदा बाटिकची कापडे करणे, राहणार पेकालोंगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहवून घेत आहे. बोटांना लेखणी धरल्याचे कळत नाही, म्हणून मी सांगते आणि निवृत्त शिक्षक मुल्योनो गुरुजी लिहितात. स्तनाचा कर्करोग यकृतात उतरला आहे. औषधाचे सात डोस झाले, त्यांनी हात बधिर झाले. डोके ठिकाणावर आहे, फक्त त्यावर केस नाहीत. हे वाक्य गुरुजींना नको होते. मी ठेवायला लावले.

१. घर व जागा धर्माच्या नियमाप्रमाणे वारसांना जाईल. त्यात मी बोट घालत नाही.

२. मेणाची कढई, चूल आणि मेण सोडायच्या तांब्याच्या अकरा लेखण्या सून दर्याती हिला द्याव्यात. मार्चमध्ये उकळते मेण माझ्या मनगटावर सांडले आणि मला ते वासावरून कळले. शेजारणीने पाहिले. म्हातारीला सिद्धी मिळाली, अशी गल्लीत बातमी फिरली. दुसऱ्या दिवशी एक बाई तापलेले मूल घेऊन आली. मी हात ठेवला. मूल बरे झाले. साधा तापच होता. मग एकाने बंद पडलेली मोटरसायकल ढकलत आणली. दर्याती म्हणाली, "आई, ठेवा हात, नाहीतर हा काही जायचा नाही." ठेवला. गाडी सुरू झाली नाही. तेव्हापासून गल्ली निवांत आहे. कढईचा कान सैल झाला आहे, तो दर्यातीने आधी बसवून घ्यावा. तिच्या हाताला चटके बसतात.

३. चिमण्या आणि बांबूच्या नक्षीचा मूळ कागद नणंद कास्मिना हिला द्यावा. एकोणीस वर्षांपूर्वी तिने एका व्यापाऱ्याला ही नक्षी स्वतःची म्हणून दाखवली. नक्षी माझी आहे, हे इथे लेखी नोंदवते. तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो.

भुवया गळल्यावर दर्याती मला रोज काजळाने भुवया काढून द्यायची. हात नक्षीकामाचा, त्यामुळे कमान जरा वर जायचीच. गल्लीतले हाजी मर्झुकी वारले त्या दिवशी मी आरसा न बघता गेले आणि त्यांच्या घरी दोन तास बसले. कास्मिना समोर होती. शेवटी ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, नव्वदीचा माणूस गेलाय. तुम्हाला एवढं आश्चर्य कसलं वाटतंय?"

आधी ती हसली, मग मी. तोंडात ओढणी कोंबून दोघी हलत होतो. हुंदके समजून लोकांनी आम्हाला मागच्या अंगणात नेले आणि पाणी दिले. मला आतून फारसे काही वाटत नव्हते, पोट तेवढे हलत होते. पण पुढच्या डोसापासून रुग्णालयात माझ्यासोबत तीच येऊ लागली.

४. केसांचा टोप कोणालाही द्यावा. तो घातला की मी थेट माझ्या सासूसारखी दिसते. सासूला ओळखणाऱ्यांना मात्र देऊ नये.

५. आठवा डोस मी घेणार नाही. डॉक्टरांना गेल्या मंगळवारी सांगितले. हे कलम सांगताना मुलगा हर्योनो इथेच बसला होता. तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे धुतलेले होते. मला रडू आले नाही. औषधामुळे की कसे, ते विचारायचे राहिले.

कास्मिनाला मी डॉक्टरांच्याही आधी, सोमवारीच सांगितले होते. ती छत्री घेऊन निघून गेली. संध्याकाळी चटई आणि उशी घेऊन आली आणि माझ्या खाटेशेजारी अंथरून म्हणाली, "मी घोरते. आत्ताच सांगून ठेवते."

ती खरेच घोरते. माझे कान अजून चांगले आहेत.

हे सर्व मला वाचून दाखवले, बरोबर आहे.

ठिकाण: पेकालोंगन. दिनांक: २३ ऑगस्ट २०२२.

लिहून देणार: वारसिनी, डाव्या अंगठ्याचा ठसा. (अंगठा कागदाला टेकला, असे साक्षीदार सांगतात.)

साक्षीदार: सुहार्जितो, वस्तीप्रमुख (सही)
नूर खासाना, परिचारिका (सही)
लेखक: मुल्योनो (सही)