सहा पायांचा पक्षी

पहिले दोन पाय दिसले तेव्हा मला ते पक्ष्याचेच वाटले. पुढचे दोन दिसले तेव्हा मी चष्मा वर सरकवला. शेवटचे दोन दिसले तोवर मी बायबलच्या वाचनात, देशांच्या यादीत, फ्रुगियापर्यंत पोचले होते, आणि धर्मवाचन मध्येच सोडायची मला सवय नाही, म्हणून पंफुलिया आणि मिसर देश ओलांडून, लिबियाही मागे टाकून मगच मी मान वर केली. चर्चमधल्या साऱ्या लोकांची पाठ दाराकडे होती. गायकांच्या माळ्यावरून निघून, दोरीवरून, त्यांच्या डोक्यांवरून घसरत वेदीकडे येणारी ती वस्तू फक्त मला आणि फादरना दिसत होती. फादर हात जोडून उभे होते. ते हात हळूहळू सुटले.

पण रीत सोडून सुरुवात झाली. आदरणीय मानोय हिलारियो, तुमचा उजवा हात मी इथूनच माझ्या कपाळाला लावला आहे असं समजा, आणि थोरल्या भावाने द्यायचा तो आशीर्वाद मनातल्या मनात द्या. तुमच्या पायाच्या अंगठ्याची सूज उतरली का? (उतरली नसेल. डुकराची आतडी खाणं तुम्ही सोडलेलं नाही, हे तुम्ही न लिहिताही मला कळतं.) ग्लिसेरियावहिनींचा रक्तदाब कसा आहे? तुमचे झुंजीचे कोंबडे कसे आहेत, हे मी विचारत नाही. मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांची चौकशी आजवर कोणी केली नाही, तेव्हा तेही सवयीने चालतात.

मुद्दा असा की माझी लेक मिंडा आणि तिचा नवरा उद्या सकाळी सव्वापाचच्या बसने बंदरावर जाणार आहेत, तिथून बोटीने तुमच्या मनिलाला, आणि तिथून त्याच्या गावी, लागुनाला. कायमचे. मिंडाला सहावा महिना आहे. यात चूक माझी आहे असं साऱ्या पॅरिशचं मत आहे. पॅरिशला मतं फार असतात. चूक माझी कशी नाही, ते मी क्रमाने सांगते.

हे सगळं फादर सेवेरिनोंच्या डोक्यातून निघालं. ते इलोकोसकडचे. आठ महिने झाले येऊन. आपल्या बिसायात त्यांना फक्त ‘जेवलात का’ आणि ‘बसा’ एवढंच येतं, आणि तेवढ्यावर ते लोकप्रिय आहेत. पेंटेकॉस्टच्या आधी महिनाभर त्यांनी सभा बोलावली. म्हणाले, या सणाला शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि प्रत्येकाला आपापल्या भाषेत कळलं. आपल्या पॅरिशमध्ये बिसाया आहेत, इलोंगो आहेत, कॅनरीत, मासे डबाबंद करायच्या कामाला आलेली तागालोग घरं आहेत. तेव्हा यंदा प्रत्येकाने आपल्या भाषेत प्रार्थना म्हणावी आणि सगळ्यांनी मिळून काहीतरी सुंदर करावं. (ज्या सभेत ‘सगळ्यांनी मिळून’ असं ठरतं तिचं काम शेवटी एकीच्या गळ्यात पडतं. ती मीच.) पुरिंग, म्हणजे गायकवृंदाची ती मुख्य, जिचा आवाज तुम्हाला आठवत असेल (तुम्ही गाव सोडलंत त्याला तीस वर्षं झाली, तो आवाज तेव्हाच फुटला होता), ती म्हणाली, माळ्यापासून वेदीपर्यंत दोरी बांधावी आणि भजन सुरू झालं की वरून पवित्र आत्म्याचा पांढरा पक्षी सोडावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण पक्षी करून घ्यायची जबाबदारी मी घेतली. कारण पक्षी करणारा माणूस माझ्याच घरात, मागच्या खोलीत, जानेवारीपासून फुकट राहत होता.

अर्नुल्फोबद्दल मी तुम्हाला आधी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. कागदाचा लगदा करून त्याचे घोडे बनवतो. त्याचा बाप घोडे बनवायचा, आजाही घोडे बनवायचा. तीन पिढ्यांत कोणी बसलं नाही असे घोडे. मिंडा मनिलाला नर्सिंग शिकायला गेली आणि हा घेऊन आली. लुझविमिंडा हे तिचं नाव देशाचे तिन्ही भाग जोडून तिच्या वडिलांनी ठेवलं होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं की एक भाग पुरे. जावयाशी मी बोलत नाही असं गावात पसरलं आहे. ते खोटं आहे. मी चिठ्ठ्या लिहिते. तांदळाच्या डब्यावर चिठ्ठी ठेवते आणि तो ती अंदाजाने वाचून तसं करतो. लाकूड फोडायचं असेल तर लाकूड, पाणी भरायचं असेल तर पाणी. चिठ्ठी स्वच्छ बिसायात असते. मी चौतीस वर्षं शाळेत मुलांना तागालोग शिकवलं आहे. ती भाषा मला त्याच्यापेक्षा शुद्ध येते. पण घर बिसाया, तांदूळ बिसाया, आणि चिठ्ठी मात्र त्याच्या भाषेत, हे होणार नाही. मिंडा म्हणते, “नानाय, तोंड उघडलं तर दात पडणार आहेत का तुझे?” मी म्हणते, माझे दात कवळीचे आहेत, ते पडत नाहीत.

तर पक्ष्यासाठी मी चिठ्ठी लिहिली. शब्दशः अशी: ‘चर्चसाठी एक मोठा लांग्गाम. पांढरा. दोरीवरून खाली येईल असा. प्रश्न नकोत.’

आता तुम्ही हसाल. हसा. लांग्गाम म्हणजे आपल्याकडे पक्षी, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तागालोगमध्ये तोच शब्द मुंगीला आहे, हे मलाही ठाऊक होतं. मी हा विनोद शाळेत दर वर्षी मुलांना सांगत असे. पण मी चिठ्ठी लिहिताना माझ्या भाषेत विचार करत होते, त्याच्या नाही, आणि माझ्या भाषेत तो पक्षीच आहे. जो माणूस पाच महिने बिसाया तांदूळ खातो त्याला एक बिसाया पक्षी ओळखता येऊ नये, यात माझा काय दोष?

तीन आठवडे तो मागच्या पडवीत खपत होता. वर्तमानपत्रं भिजवली, बांबू वाकवला, खळ शिजवली. माझं घर तीन आठवडे खळीच्या वासाने आंबलं. मिंडा मदतीला जाई तर तो तिला हाकलून देई. म्हणे, नानायचं काम आहे, पुरं झाल्याशिवाय कोणी बघायचं नाही. मीही बघितलं नाही. मला बघायचंच नव्हतं. शनिवारी संध्याकाळी ते माझ्याच पलंगपोसात गुंडाळून दोन माणसांनी माळ्यावर चढवलं. रविवारी दोरीला अडकवून मग पलंगपोस काढला. माळ्यावरच्या त्या दोघांनी ते पाहिलं असणारच. पण ते पुरिंगच्या हाताखालचे; स्वतःचं डोकं वापरायची परवानगी त्यांना अजून मिळालेली नाही.

आणि मग ते आलं. मानोय, मी चेष्टा करत नाही, ते सुरेख होतं. डुकराच्या पिलाएवढी मुंगी. पांढरी, कारण पांढरी मागितली होती. तिन्ही भाग गोल गोल, गुळगुळीत, मिश्या तारेच्या, हलणाऱ्या. प्रत्येक पायाला दोन दोन सांधे. आणि पंख! वरून यायची म्हणजे उडणारी असणार, असा त्याने विचार केला असावा, म्हणून पातळ मेणकागदाचे चार पंख. आपल्यात म्हणतात ना, मुंगीला पंख फुटले की समजावं तिचा काळ जवळ आला. कोणाचा काळ जवळ आला ते मला वेदीजवळ उभ्या उभ्या समजलं.

पुढून तिसऱ्या बाकावर ती अडकली. दोरीची गाठ. तिथे ती हेलकावे खात राहिली. पुरिंगने भजन सुरू केलं होतं, ते पहिल्या ओळीवर तुटलं, आणि माळ्यावरून, अख्ख्या चर्चला ऐकू येईल असा तिचा तो फुटका आवाज आला: “पवित्र आत्मा उतरला गं बायांनो, साखर झाका!”

लोक हसले. देवाच्या घरात. फादरनी गोंधळून पुढच्या बाकाला विचारलं, “हे काय आहे?” तर कॅनरीची तागालोग मंडळी उठून म्हणाली, “लांग्गाम आहे, फादर!” आपली मंडळी उठून म्हणाली, “हा कसला लांग्गाम? हा लांग्गाम नाही!” ते म्हणाले, “डोळे फुटले का? लांग्गामच आहे!” हे म्हणाले, “लांग्गामला चोच असते!” ते म्हणाले, “तुमच्याकडच्या लांग्गामला असेल!” पाच मिनिटं अर्धं चर्च अर्ध्या चर्चवर एकच शब्द फेकत होतं. पहिल्या पेंटेकॉस्टला नाना भाषा बोलून सगळ्यांना एकच गोष्ट कळली होती. आमच्याकडे सगळे एकच शब्द बोलले आणि कोणाला काही कळलं नाही. फादरना मात्र फार आनंद झाला. त्यांनी लिहून आणलेलं प्रवचन खिशात घातलं आणि म्हणाले की आत्मा आपल्याला हव्या त्या रूपात येतो, आपण त्याला पक्षी समजून वाट बघतो. (मुंगीवर वीस मिनिटं. कष्टाळू आहे, म्हणाले, मिळून राहते. मुंगी कधी पुरिंगबरोबर समितीत बसलेली नाही.)

इथवर सगळं निभावलं असतं. अर्नुल्फो सर्वांत मागे उभा होता, आणि लोक हसताहेत ते आनंदाने, असं त्याला वाटत होतं. आपण काहीतरी चुकीचं केलं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला वाटलं होतं की या मुलखात मुंगीची काही परंपरा असेल. मिस्सा संपल्यावर अंगणात जेवण होतं, प्रत्येक घरून एक पातेलं. मी गुळाचा चिकट भात नेला होता. तो समोर आला. लाल सदरा, सणाचा. हाताला अजून खळ. आणि मी तोंड उघडलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. बिसायात म्हणाले, “डोकं उघडून बघितलं तर आतही कागदाचा लगदाच निघेल.”

भोवतालचे हसले. त्याने मिंडाला विचारलं, काय म्हणाल्या? मिंडा माझ्याकडे बघत त्याला म्हणाली, “म्हणाली, फार छान झालं आहे.”

त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. नको, बरं झालं बघितला नाहीत. तो वाकला, माझा हात धरला आणि कपाळाला लावला. हात भाताने चिकट होता. तो तसाच धरून राहिला. आणि पुरिंगला तेवढ्यात भाषांतराचं दान प्राप्त झालं. तिने शब्दन्‌शब्द नीट तागालोगमध्ये सांगितलं. तिचं तागालोग इतकं चांगलं आहे हे मला माहीत नव्हतं. (माझीच विद्यार्थिनी.)

त्याने माझा हात सोडला नाही, खाली ठेवला. टेबलावर. एखादी वस्तू ठेवावी तसा. बोलली ती मिंडा: “उद्याच्या सव्वापाचच्या बसने आम्ही जातोय, नानाय. चिठ्ठी लिहून ठेवू का, की तोंडी चालेल?”

हा सगळा प्रकार. यात माझी चूक कुठे आहे ते मला दाखवा. चिठ्ठी अचूक होती. वाचन अचूक होतं. फ्रुगियापासून लिबियापर्यंत एक नाव चुकलं नाही, सहा पाय दिसत असतानाही. आता संध्याकाळ झाली आहे, मागच्या खोलीत पेट्या ओढल्याचे आवाज येत आहेत, आणि मी हे लिहिते आहे. माझं नातवंड लागुनात जन्मेल. कोणीतरी त्याला भिंतीवर मुंगी दाखवेल आणि आपला शब्द म्हणेल. तो शब्द आईने आपल्याला आंब्याच्या झाडावरल्या पक्ष्याकडे बोट करून शिकवला होता.

वहिनींना नमस्कार. अंगठ्याला जपा.

तुमची धाकटी बहीण,
तेओफिला

ता. क. ती दोघं बोटीतून उतरून आधी तुमच्याकडेच येतील. दुसरीकडे जाणार कुठे? त्यांना मागची खोली द्या, जिच्यात कोंबड्यांचा वास येत नाही ती. मिंडाला जिना चढू देऊ नका. त्याला सकाळी कॉफीत तीन चमचे साखर लागते (म्हणजे बघा). उजव्या कुशीवर झोपला की घोरतो. मी लिहिलं म्हणून सांगू नका. पंधरा दिवसांनी त्यांना सांगा की मनिलात राहणं परवडत नाही आणि लागुनात पूर येतो, आणि परत पाठवा.

ता. क. २. हे खरं काम आहे, आधी लिहायचं राहिलं. ग्लिसेरियावहिनींना, माझं नाव न घेता, विचारा की त्यांच्या तागालोग माहेरी वयाने मोठ्या माणसाने लहानाची माफी मागायची तर ती कशा शब्दांत मागतात. मला शब्द माहीत आहेत. चौतीस वर्षं फळ्यावर लिहिले आहेत. पण मी ते फक्त शिकवले आहेत. ते घरात कसे म्हणतात, कोणत्या आवाजात, हे पुस्तकात नव्हतं. वहिनींशी मी तीस वर्षं कसं वागले हे त्या विसरल्या नसतील. तरी विचारा.

ता. क. ३. सोमवार. पत्र टपालात टाकायचं राहिलं होतं म्हणून इथेच लिहिते. पहाटे साडेचारला उठून भात गरम केला, सुके मासे तळले, आणि मागच्या खोलीचं दार वाजवून त्याच्या भाषेत म्हणाले, “मी चुकले. ऊठ, जेवून घे.” आत पेटी बांधायचा आवाज थांबला. मग तो बिसायात म्हणाला, “आलो, नानाय.” दोन शब्दांत तीन उच्चार चुकले. मी दुरुस्त केले नाहीत. सव्वापाचला बसचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही तिघं जेवत होतो.