त्या खोऱ्यात घातलेली शपथ

आई,

काल दुपारी बाबांनी मला विचारलं, आपण फ्रान्सला गेलो होतो तेव्हा तिला माहीत होतं का गं. मी त्यांच्या गोळ्या काढून देत होते. तू गेल्यापासून त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता, आणि विचारला तोही असा, जसं दूध संपलं का विचारावं. मी उत्तर दिलं. काय दिलं ते सांगणार आहे, पण एकदम नाही सांगता येत. त्या ट्रिपमधलं खरं काय ते फक्त तुला आणि मला माहीत होतं, आणि तू गेल्यावर मी ते कुणाशीच बोलले नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. आज बाबांच्या घरी, स्वयंपाकघरात, तुझ्याच टेबलाशी बसून लिहिते आहे. ते आत झोपले आहेत.

याच टेबलाशी शनिवारी सकाळी तू मला मराठी लिहायला शिकवायचीस. बाहेर बाकीची मुलं सायकली फिरवायची आणि मी आत 'ळ' गिरवत बसायची. मी इंग्लिशमध्ये बोलले की तू ऐकलंच नाही असं दाखवायचीस; भूक लागली हेसुद्धा मराठीत सांगितल्याशिवाय ताट यायचं नाही. ऐंशीच्या दशकात, टेक्सासमधल्या त्या अर्विंग गावात आपली माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. बाबा हायवेचे उड्डाणपूल डिझाइन करायचे. दिवसभर काँक्रीट, आणि घरी आले की जुन्या दगडी पुलांची पुस्तकं. पुण्याला इंजिनिअरिंग शिकताना त्यांनी फ्रान्सच्या कुठल्याशा खेड्यातल्या एका पुलाचं चित्र पाहिलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. तुला पुलाचं काही नव्हतं, तुला खालची नदी हवी होती. तू कृष्णाकाठची. टेक्सासमधली नदी पहिल्यांदा दाखवली तेव्हा तू विचारलंस, हिला घाट कुठाय, आणि बाबा हसले होते. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती.

मग एका हिवाळ्यात बाबांनी या टेबलावर नकाशे पसरले. उन्हाळ्यात भारतात न जाता त्या खोऱ्यात जायचं, गाडी घ्यायची, तो पूल, किल्ला, चर्च, सगळं बघायचं. मी हायस्कूलमध्ये फ्रेंच घेतलं होतं, त्यामुळे बोलायचं काम माझं. बाबांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. जेवताना ताट सरकवून ते नकाशावर बोट फिरवायचे. तू शेजारी उभी राहून वाढायचीस आणि म्हणायचीस, 'हो, जाऊ या की.' त्याच हिवाळ्यात तुझ्या हाताला छातीतली ती गाठ लागली होती. हे मला फार नंतर कळलं, म्हणजे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी फार उशीर झालेला होता.

ते खोरं अजून डोळ्यांसमोर आहे. नदी फार मोठी नाही, पण भरून वाहणारी, दोन्ही काठांना गर्द झाडी. वर टेकडीवर पडका किल्ला. एक पाणचक्की, तिचं चाक केव्हाच गेलेलं. चर्चच्या खांबांवर दगडात कोरलेली माणसं द्राक्षं तुडवताहेत, आणि आत गारवा आणि वटवाघळांचा वास; तू म्हणालीस, अगदी आपल्या गाभाऱ्यासारखा वास आहे. बाबा पुलाच्या कमानी पावलांनी मोजताहेत. तू माझा हात धरून खाली पाण्याकडे उतरते आहेस, अंगावर साडी आणि पायात माझे जुने स्नीकर्स. एका झाडाची फांदी ओढून पानं निरखतेस आणि सांगतेस, ही वाळुंज, आमच्या कृष्णाकाठी असते ती. मग निळं काहीतरी पाण्यावरून सपकन गेलं. तू माझं मनगट घट्ट धरलंस. खंड्या, तू म्हणालीस, हा इथं काय करतोय. मी शहाणपणानं तुला इंग्लिशमध्ये सांगितलं की पक्षी सगळीकडे असतात. या वेळी मात्र तू ऐकलंच नाही असं दाखवलं नाहीस, तू खरंच ऐकत नव्हतीस.

पुलाच्या पलीकडे त्या गावाची धुणं धुवायची जुनी जागा होती. वर कौलांचं छप्पर, खाली पाण्यात उतरत गेलेले दगड, घासून घासून गुळगुळीत झालेले. तू पदर खोचलास, सरळ गुडघे टेकलेस, बाबांचा रुमाल काढलास आणि धुवायला लागलीस. समोरच्या घरातली एक म्हातारी बाई दारात येऊन बघत होती. ती काहीतरी म्हणाली. मी तुला सांगितलं, ती म्हणते तिची आई इथंच कपडे धुवायची. तू मान वर न करता म्हणालीस, 'तिला सांग, माझीपण नदीवरच.' मी सांगितलं. मग ती आत जाऊन साबणाची वडी घेऊन आली आणि तुम्ही दोघी हसलात. त्या बाईलाच तू माझ्या तोंडून विचारलंस, गावात डॉक्टर आहे का. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा किल्ल्याचे फोटो काढायला वर गेले. पोट बिघडलंय असं सांगून तू खाली राहिलीस आणि मला घेऊन डॉक्टरकडे गेलीस. वयस्कर माणूस होता, हळू बोलायचा, माझ्यासाठी शब्द सोपे करायचा. त्यानं तुला तपासलं तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून उभी होते, तिथून नदी दिसत होती. त्यानं विचारलं, हे केव्हापासून आहे. मी ते मराठीत विचारलं. तू म्हणालीस, 'हिवाळ्यापासून.' ते मी फ्रेंचमध्ये सांगितलं आणि सांगून झाल्यावर मला त्याचा अर्थ कळला. तो म्हणाला, ताबडतोब घरी परत जा, मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवा. तू विचारायला लावलंस, ट्रिपचे हे उरलेले दिवस इथं काढले तर फरक पडेल का. तो म्हणाला, या थोड्या दिवसांनी नाही, पण हिवाळ्यापासूनच्या महिन्यांनी पडला आहे. मी दोन्ही वाक्यं सांगितली. यातलं काही गाळता येतं हे तेव्हा मला सुचलंच नाही.

बाहेर आल्यावर मी रडत होते आणि म्हणत होते, वी हॅव टू टेल हिम, आई, राइट नाऊ. तू मला नदीकाठच्या बाकावर बसवलंस आणि सगळं समजावलंस, जणू भाजी कशी फोडणीला टाकायची ते सांगते आहेस. अर्विंगमध्ये दाखवायचं तर आपले डॉक्टर काका. ते बाबांचे मित्र, संध्याकाळपर्यंत बाबांना कळलं असतं, ट्रिप कॅन्सल झाली असती. इथं आपल्याला कोण ओळखतं. एकदा खात्री करून घ्यायची होती, झाली. मी म्हटलं, सो व्हॉट इफ इट्स कॅन्सल्ड. तेव्हा तू माझा हात उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवलास.

'त्यांनी जन्मात स्वतःसाठी एवढंच मागितलंय. बघू दे त्यांना पोटभर. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, बाबांना यातलं काही कळता कामा नये.'

बायॉलॉजीत पहिली येणारी मुलगी मी. शपथ मोडली की जिच्या गळ्याची घातली ती मरते, हे काय खरं असतं का. पण बोटांखाली तुझी नाडी लागत होती, आणि मी शपथ मोडायची हिंमत केली नाही. समोरून बाबा खाली येताना दिसले. तू मला म्हणालीस, डोळे पूस, आणि मी पुसले.

उरलेले दिवस आपण हिंडलो. बाबा म्हणायचे, 'अगं, जरा कमानीखाली उभी राहा, उंची कळू दे,' आणि तू उभी राहायचीस. पुलाखाली, बुरुजापाशी, पाणचक्कीच्या भिंतीला टेकून. फोटोत पूल पूर्ण आला पाहिजे म्हणून ते मागे मागे जायचे आणि तू लहान लहान होत जायचीस. मी तुझी पर्स धरून बाजूला उभी असायची. संध्याकाळी बाबा खोलीत टिपणं करत बसले की आपण दोघी नदीवर जायचो. तू पाण्यात पाय सोडून बसायचीस. चतुर उडायचे, पलीकडे गाई पाणी प्यायला यायच्या. तू मला लहानपणच्या गोष्टी सांगितल्यास, त्याआधी कधी न सांगितलेल्या: पुरात वाहून आलेला भोपळा, पोहायला शिकवणारा मामा, आणि कॉलेजला जायचं होतं पण आजोबांनी पाठवलं नाही ते. त्या गाठीबद्दल तू एक शब्द बोलली नाहीस आणि मलाही बोलू दिलं नाहीस.

परत आल्यावर तू बाबांना सांगितलंस, आज अंघोळ करताना काहीतरी लागलं हाताला. किती सहज सांगितलंस. मग डॉक्टर काका, ऑपरेशन, केमो, मराठी मंडळातल्या काकूंचे डबे. तुझे केस गेले, आवाज खोल गेला. शेवटी शेवटी तू मला ओळखायचीस पण बोलायला मला तुझ्यापाशी कुणी एकटं सोडायचंच नाही. मी वाट बघत होते की तू एकदा तरी म्हणशील, आता सांग त्यांना. तू म्हणाली नाहीस. पुढच्या वसंतात तू गेलीस. मी शपथ पाळली होती आणि तू तरीही गेलीस.

बाबांनी मग कितीतरी वर्षं त्या स्लाइड दाखवल्या. कुणी जेवायला आलं की भिंतीवर पूल, किल्ला, चर्च, आणि प्रत्येक कमानीखाली बोटभर तू. ते सांगायचे, बरं झालं वेळेवर जाऊन आलो, आधी कळलं असतं तर गेलोच नसतो. लोक माना डोलवायचे. मी उठून भांडी घासायला जायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की आधी कळलं असतं तर ही इथं बसलेली असती, तुम्हाला वाढत असती. एका पुलासाठी, आई. बाबांनी तो पूल मागितला असेल, पण तुझ्या बदल्यात नक्की नव्हता मागितला. त्यांना विचारलं तरी असतंस. मी या वयातही त्यात काही मोठेपण शोधायला बघते आणि मला सापडत नाही. सगळं फुकट गेलं असंच वाटतं, आणि ते आता कुणाला सांगून भरून येणार नाही.

तर काल त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'नाही बाबा. परत आल्यावरच कळलं तिला.' त्यांनी हातातल्या गोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, 'मग ते दिवस तिचे निवांत गेले म्हणायचे.' मी पाणी दिलं. त्यांनी गोळ्या घेतल्या आणि टीव्ही लावायला सांगितला.

हे कागद या घरात ठेवता येणार नाहीत, बाबा अजून मराठी वाचतात. निघताना फाडून टाकीन. तुला वाटेल, पोरीनं शेवटपर्यंत शपथ पाळली. नाही गं. शपथेवरचा माझा विश्वास तू गेलीस त्याच दिवशी उडाला. बाबांना वाईट वाटू नये म्हणूनही मी खोटं बोलले नाही. खरं तर त्यांना वाईट वाटावं असं मला कितीतरी वर्षं वाटत आलं आहे. पण त्यांना सांगितलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं, नदीवरच्या आपल्या त्या साऱ्या संध्याकाळीसुद्धा. आपल्या घरात तू कायम त्यांची होतीस. तेवढे दिवस तू माझी होतीस, आणि ते मला त्यांच्याबरोबर वाटून घ्यायचे नव्हते.