सेउ वाल्देसिर यांच्या शर्टाचा रंग

३ जून, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. भीती कागदावर उतरवली की मनातून जाते म्हणे. अर्थात मला कसलीच भीती नाही.
माझ्या जुसिलेनीच्या आईने, दोना ओडिनेयांनी, काम दिलं. जुसिलेनीच्या वडिलांचं, कै. सेउ वाल्देसिर यांचं, कार्टून. गल्लीच्या तोंडाशी आठ मीटरचा बॅनर लागणार. तीस वर्षं त्यांनी उत्सवात निळ्या बैलाच्या पथकात ढोल वाजवला. म्हणाल्या, हे नीट कर पोरा, मग तुमच्या लग्नाचं बोलू. हसत म्हणाल्या, म्हणून जास्त घाबरलो. (घाबरलो नाही. सावध झालो.)

४ जून
जूनमध्ये बैलांचा उत्सव, दोन पथकांची चुरस, म्हणून पारिन्तिन्सला दोनच रंग. अर्धं गाव लाल बैलाचं, अर्धं निळ्याचं. दुसऱ्या बैलाचं नावही घ्यायचं नाही, ‘समोरचे’ म्हणायचं. जुसिलेनीच्या घरी भिंती निळ्या, चमचे निळे, कुत्र्याचा पट्टा निळा.
माझा जन्म खालच्या वस्तीत, लाल पाळण्यात. हे इथे कुणालाही माहीत नाही. मध्ये आठ वर्षं मानाउस शहरात होतो, त्यामुळे सगळे मला तिथलाच समजतात. चार वर्षं निभावलंय. शिवाय मी कलावंत. मला सगळे रंग सारखे.

६ जून
संगणकावरचं रेखाटन झक्क. आता सपाट रंग भरायचे, सावल्या नंतर. शर्टासाठी सतरा निळे काढून बघितले. पहिला पोलिसांचा, तिसरा औषधाच्या दुकानाचा. अकरावा आवडला, पण मागचं आभाळही निळं. सेउ वाल्देसिर आभाळात विरघळले. डोकं, दोन हात आणि ढोल एवढंच उरलं. गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे बरं दिसत नाही.

७ जून
तोडगा निघाला. तात्पुरता रंग! धंद्यातली जुनी पद्धत. आधी बंद रेषेच्या आत कुठलाही भडक रंग ओतायचा, कडा नीट दिसतात. खरा रंग मागाहून. मी लाल ओतला. निव्वळ तांत्रिक कारण. हिरवा, जांभळाही चालला असता. हात लालवर गेला.
कॉलरच्या रेषेत बारीक फट राहिली होती. लाल तिथून निसटला आणि चेहरा, आभाळ, ढोल, सगळं लाल. नेमकी जुसिलेनी कॉफी घेऊन आली. मी स्क्रीनवर टॉवेल टाकला. हे काय, म्हणाली. म्हटलं, स्क्रीनला घाम आलाय. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती.
फट बुजवली. शर्ट उद्या बदलतो.

९ जून
खालच्या वस्तीतल्या छपाईवाल्या निवाल्दोला कच्ची फाईल पाठवली. फक्त माप बघायला. तसं लिहिलंही. (लिहायचं होतं.)

१० जून
बारावा निळा नक्की. उद्या भरतो. झोप नीट लागत नाही. उकाडा.

११ जून
निवाल्दोचा फोन. म्हणाला, एदिमार, मानलं तुझ्या छातीला. अख्ख्या गावात कुणाची हिंमत झाली नसती. रविवारी सगळ्यांना घेऊन बघायला येतो. नुसत्या सपाट रंगांवर एवढी दाद! फोन ठेवल्यावर जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. कौतुक मला पचत नाही.

१४ जून, रविवार दुपार
न्हाणीघरात बसून लिहितोय. कडी आतून.
बॅनर उलगडला. शर्ट लाल. निवाल्दोने कच्चीच फाईल छापली होती. ढोल थांबले. एका म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. आणि मागून कोण ओरडावं? माझी आई! निवाल्दोबरोबर आली होती. शाबास रे माझ्या लालुल्या, म्हणाली. भर गल्लीत.
आत्ता दोना ओडिनेया दाराशी येऊन गेल्या. म्हणाल्या, बाहेर ये रे. तुझी आई आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. तू जन्मलास तेव्हा बघायला आले होते, पाळण्याचा रंगही आठवतो. रंगाचं काही नाही. चार वर्षं माझ्या हातचं जेवलास आणि एकदा खरं बोलला नाहीस, ते लागलं. मला फार लाज वाटली. मी नळ सोडला.

१५ जून
शिक्षा: बॅनरवरचा शर्ट ब्रशने निळा करायचा. सगळी गल्ली बघायला. शिडी जुसिलेनीने धरली. खालून म्हणाली, आता एकदा खरं सांग, मनातला बैल कुठला? मी म्हटलं, निळा.
तिने शिडी सोडली.

१६ जून
पायाला प्लास्टर. पांढरं, सपाट, कुठे फट नाही.
जुसिलेनी सकाळी आली. डोळे सुजलेले. लाल आणि निळा असे दोन मार्कर उशाशी ठेवले. म्हणाली, खरा असेल तो रंग प्लास्टरवर भर. कुठलाही चालेल. पाच वाजता येते, त्यावर लग्न ठरवू.
साडेचार झाले. मी अजिबात घाबरलेलो नाही. पेन्सिलने बैलाची नुसती बाह्यरेषा काढून ठेवली आहे.