पत्नीच्या एक्स-रेखाली एक ओळ लिहू देण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सामान्य रुग्णालय.

विषय : अस्थिरोग विभागाच्या भिंतीवर लावलेल्या माझ्या पत्नीच्या एक्स-रेखाली एक ओळ वाढवण्याबाबत.

संदर्भ : आपले उत्तर, 'सदर एक्स-रे वस्तुस्थितीला धरून असल्याने बदल करता येत नाही.'

महोदय,

अर्जदार पाट्या रंगवण्याच्या कामातून निवृत्त झाला असून पत्नी शिवणकाम करीत असे. तिची कंबर अकरा वर्षे दुखत होती. दोन वर्षांपूर्वी आपल्या रुग्णालयात तिचे कमरेचे दोन मणके चार स्क्रू व दोन सळ्या घालून जोडण्यात आले. मणके उत्तम जुळले, त्याबद्दल तक्रार नाही. जोडकाम इतके सुबक झाले की 'यशस्वी शस्त्रक्रिया' या मथळ्याखाली तिचा एक्स-रे काचेत लागला. आम्ही तो मुद्दाम जाऊन पाहिला. "फोटो छान आलाय," पत्नी म्हणाली, "दुखणं तेवढं आलं नाही त्यात."

२. दुखणे होते तिथेच आहे. दहा मिनिटांपलीकडे तिला बसवत नाही. शिलाई मशीन विकलेले नाही. त्यावर सध्या कुंडी ठेवली आहे. काजबटण ती कपाटाशी उभी राहून करते. जेवते ओट्याशी, उभ्यानेच. तिला एकटे वाटू नये म्हणून मीही उभ्याने जेवतो. "तुम्ही तरी बसा हो," असे ती रोज म्हणते.

३. आपल्या खिडकीवरील बाई म्हणाल्या, "आजोबा, हाडं जुळली ना? मग आमच्याकडून फाइल बंद." फाइल बंद झाल्याचे मी घरी कळवले. कमरेपर्यंत ते अद्याप पोचलेले नाही.

४. पुढील मजकूर खरे तर पहिल्याच अर्जात लिहायला हवा होता. शस्त्रक्रियेला पत्नी तयार नव्हती. व्यायामाने थोडे बरे वाटते, आणखी सहा महिने बघू, असे तिचे म्हणणे. मीच तिला त्या भिंतीपाशी नेले. तेव्हा काचेत दुसऱ्या कुणाचा एक्स-रे होता. "बघ, किती सरळ," मी म्हणालो. तिने सही केली. तो एक्स-रे ज्याचा होता, त्या माणसाला बसता येते का, हे मी कुणालाही विचारले नाही.

५. ज्यांना गुण आला त्यांच्याबद्दल मला आनंदच आहे. परंतु गेल्या मंगळवारी एक गृहस्थ आपल्या बहिणीला माझ्या पत्नीचा एक्स-रे दाखवत होते. "ताई, घाबरतेस काय, हे बघ की." मी खोकलो. बोललो नाही. ताईंनी सही केली.

६. तरी 'मणके जुळले. दुखणे तसेच' एवढी ओळ त्याखाली लिहू द्यावी. रंग माझा, ब्रश माझा, शिडीही माझीच. हे नियमात बसत नसल्यास रोज सकाळी नऊ ते बारा मला त्या भिंतीपाशी थांबण्याची परवानगी व एक खुर्ची मिळावी. कुणी विचारले तरच सांगेन. पत्नीही सोबत येणार आहे. तिच्यासाठी खुर्चीची तरतूद करू नये.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
निवृत्त पाटी-रंगारी
दिनांक : ९ जुलै

सोबत : आपल्या उत्तराची प्रत, ओळीचा नमुना, मूळ आकारात.