काय दुखतंय ते मोकळेपणी सांगा

दि. ३ मार्च

चि. गुंड्यास,
मोठ्या मावशीचे पोटभर आशीर्वाद.

सूनबाईची कंबर कशी आहे? बाळीचे दात आले का? तुझ्या सासऱ्यांचा खोकला गेला, की त्यांनी तो पाळलाच आहे? आणि तुझी फिटची गोळी चालू आहे ना? कंपनीत कुणाला ठाऊक नाही म्हणतोस, म्हणून हे पत्र पाकिटात घालून दोनदा चिकटवलंय.

कामगारांना हुरूप कसा आणावा, असं विचारलंस. बाबा रे, तू कल्याण अधिकारी, मी चौथीत शाळा सोडलेली. पण शिवणखातं मी सांभाळलंय. रोज प्रत्येकाजवळ थांबून विचार, काय दुखतंय? बरं काम दिसलं की चारचौघांत शाबासकी दे. बैलसुद्धा थोपटल्यावर चालतो.

तुझी धाकटी मावशी तुमच्याच काचेच्या बाटल्यांच्या खात्यात आहे, पण कुढी आहे. तिचा डावा कान गेलाय, कुणाला सांगत नाही. नवरा सोडून गेला, लेकीचं शिक्षण त्या नोकरीवर आहे. मी तिला बजावलंय, गुंड्याला सगळं सांग, आपलंच रक्त आहे. तिला जप.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी मोठी मावशी

दि. २६ मार्च

ती. मोठ्या मावशीस,
सा. न. वि. वि.

तुमचे गुडघे कसे आहेत? काकांचा चष्मा सापडला का? इकडे सगळे ठणठणीत.

मावशी, तुमच्या युक्तीनं कमाल केली! रोज सकाळी हातपाय मोकळे करण्याचा व्यायाम, मग फळं, मग मी प्रत्येकाची विचारपूस करतो. आधी कुणी तोंड उघडेना. धाकट्या मावशीनं सर्वांदेखत कानाचं सांगितलं आणि बांध फुटला. कुणाची पाठ, कुणाचं मनगट, कुणाची धाप. साहेब म्हणाले, इतकी माहिती डॉक्टर नेमूनही मिळाली नसती.

धाकट्या मावशीला ‘महिन्याची मनमोकळी कामगार’ ठरवलं. गुच्छ दिला, फोटो भिंतीवर लावला. टाळ्या तर अशा वाजल्या, की त्या तिला दोन्ही कानांनी ऐकू यायला हव्या होत्या!

पुढच्या सोमवारी तिला कमी केलं. तुम्ही समजूतदार आहात. बहिऱ्या माणसाला यंत्रापाशी ठेवणं धोक्याचं. शिवाय आजार लपवून काम करणं हा नियमभंग, आणि नियम सर्वांना सारखा. साहेब म्हणतात, अगदी माझ्यासारख्या अधिकाऱ्यालाही. पाठवाले, मनगटवाले पुढच्या महिन्यात जातील. उरलेले दुप्पट जोमानं काम करताहेत. ती दाराशी उभी राहून मला म्हणाली, ताईनं सांगितलं म्हणून बोलले रे. मी म्हटलं, ताईचंही कौतुक होणारच आहे.

खरंच होणार आहे. कल्पना तुमची, हे मी साहेबांना सांगितलंय. वार्षिक सभेत ते तुमचे दोन शब्द सर्वांसमोर मोठ्यानं वाचणार आहेत. कार्डावर लिहा, कंपनीच्या पत्त्यावर साहेबांच्या नावे पाठवा. तुमच्या विचारपुशीची जी गोड पद्धत आहे, तशीच येऊ द्या.

तुमच्या मायेचा भुकेला,
गुंड्या

दि. २ एप्रिल
(उघडे कार्ड, कंपनीच्या पत्त्यावर, साहेबांच्या नावे)

चि. गुंड्यास,
सर्वांदेखत आशीर्वाद.

साहेबांना नमस्कार. त्यांची प्रकृती बरी असावी. भिंतीवरचे फोटो सुखरूप असावेत. पाठवाल्यांची पाठ कशी आहे? मनगटवाल्यांचं मनगट?

धाकटी माझ्याकडे राहायला आली आहे. सुकलेला गुच्छ सोबत आणलाय, टाकू देत नाही. लेकीचं नाव शाळेतून काढलं. मी बोलले की उजवा कानही दुसरीकडे फिरवते, आणि ते बरोबरच आहे.

आणि तू रे, राजा? तुला लहानपणापासून येते ती फिट अजून येते का? मागे भट्टीपाशी आली होती, तेव्हा पाय घसरला म्हणून निभावलंस, तसं आता करू नकोस. गोळी चुकली की डोळे फिरतात आणि तू कशावरही कोसळतोस, हे आम्हाला ठाऊक, पण साहेबांना कोण सांगणार? म्हणून म्हणते, लपवू नकोस. तुमच्याकडे मनमोकळ्या माणसाचं फार कौतुक होतं, असं ऐकते. टाळ्या कडाडून वाजोत.

सूनबाईला आणि बाळीला जप, त्यांचा काही दोष नाही. धाकटीचाही नव्हता.

उत्तर लवकर धाड. आता तुला सवड असेलच.

तुझी,
मोठी मावशी