ब्रांडलच्या कुरणातले चाळीस बैल

७ ऑक्टोबर, सोमवार

गेलं! ब्रांडलचं कंत्राट गेलं. सुपरमार्केटच्या खरेदीवाल्यांनी आमच्या इन्स्टिट्यूटचा रिपोर्ट वाचला — म्हणजे एकच तक्ता वाचला, माझा — आणि त्याला कळवलं, नोव्हेंबरपासून कुरणात चरलेल्या बैलांचं मांस नको. गोठ्यात बांधून मका-सोयावर वाढवलेलं घेणार. वर हिरवं स्टिकर लावणार, 'हवामानाला अनुकूल'. वा रे वा!

गणित शाळेतल्या पोराचं. कुरणातला बैल अडीच वर्षं चरतो आणि तितकी वर्षं मिथेनच्या ढेकरा देतो. गोठ्यातला दीड वर्षात कापायला तयार. एकूण वायू भागिले मांसाचे किलो. कुरण हरलं. खाली सही माझी, क्षमा सोनकांबळे.

९ ऑक्टोबर

ब्रांडलचा फोन. न्युरेम्बर्गपासून तासाभरावर त्याचं शेत, सत्तरीचा माणूस. ओरडला असता तर बरं झालं असतं. "फ्राऊ सोनकांबळे, तुम्ही माझ्या कुरणात गुडघे टेकून माती काढत होतात. मातीचं काहीच कसं नाही लिहिलंत?"

काय सांगू? माती अभ्यासाच्या हद्दीबाहेर. गवतात अंडी घालणाऱ्या टिटव्या हद्दीबाहेर. गोठ्याच्या शेणामुतानं गावच्या पाण्यात उतरणारं नायट्रेट हद्दीबाहेर. सोयासाठी ब्राझीलमध्ये तोडलेलं जंगल तर फारच लांब! हद्द आखली आमच्या प्रमुखबाईंनी, फ्राऊ लेंत्स यांनी. मी मान डोलावली. प्रोबेत्साइट चालू होता, नोकरी पक्की व्हायची होती. 'या, गेनाऊ', हो, अगदी बरोबर, म्हणत राहिले. लाज वाटते.

१० ऑक्टोबर

जेवण गेलं नाही.

१५ ऑक्टोबर

लेंत्सबाईंना भेटले. दुरुस्तीपत्र काढू या म्हटलं, माती-पाणी सगळं धरून. त्यांनी चष्मा काढला. "आल्झो, म्हणजे आकडा चूक आहे का?" चूक नाही, अपुरा आहे. "मग दुरुस्ती कशाची करायची?"

दारापर्यंत सोडायला आल्या, माझ्या जॅकेटचं कौतुक केलं. इथं कुणी वाईट वागत नाही, हेच सहन होत नाही.

मी स्वतःच खरेदीवाल्यांना मेल टाकली. तीन पानं!

२१ ऑक्टोबर

उत्तर नाही. आईला फोनवर सांगायला गेले, तर नांदेडहून तिचा आवाज एकदम खाली — "अगं, बीफ बीफ काय करतेस? शेजारच्या शोभनाताई बसल्यात इथं!" फोन घेऊन आत गेली. मग म्हणाली, "तो म्हातारा आता काय करील गं?"

तिच्या लहानपणी अंगणात दोरीवर चान्या, बीफच्या लांब पट्ट्या, वाळत घालायचे. भाकरीबरोबर भाजलेली चानी — अजून तोंडाला पाणी सुटतं म्हणते. आता तिथं नाव घ्यायची चोरी. आणि मी इथं त्याच मांसावर पीएचडी करून एका भल्या माणसाचा कळप उठवते आहे. काय मिळवलं मी?

सुयश म्हणतो, "तू एकटी काय करणार होतीस?" नवरा आहे, धीर द्यायला बोलतो. पण ते ऐकलं की आणखी खचते.

२५ ऑक्टोबर

उत्तर आलं. दोन ओळी. आपल्या अभ्यासाबद्दल आभारी आहोत, निर्णय त्याच आधारे घेतला आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

सुयशनं गाडी काढली, ब्रांडलकडे गेलो. का गेले? तोंड दाखवायची हिंमत आहे एवढं स्वतःला सिद्ध करायला, बहुतेक. पोहोचलो तेव्हा दुसरा ट्रक भरत होता. बैल घेतले गोठेवाल्यानंच! शेवटचे काही महिने मक्यावर ठेवणार, मग स्टिकर.

एक बैल फळीवर चढेना. ब्रांडल त्याच्या कपाळाला हात लावून नुसता उभा राहिला, बराच वेळ. मग बैल चढला. मी कुंपणापाशी रडत होते आणि फ्राऊ ब्रांडल मलाच केक खायचा आग्रह करत होती. खाल्ला. नाही म्हणणार कुठल्या तोंडानं?

३ नोव्हेंबर

काल निघताना फ्राऊ ब्रांडल म्हणाली, गॅरेजमधले तिन्ही फ्रीझर आता विकून टाकू. कसले फ्रीझर? तर निम्मं मांस ती दरवर्षी घरूनच विकायची, आजूबाजूच्या गावांना. मला माहीतच नव्हतं. मी पाठवलेल्या फॉर्ममध्ये वजनाचा एकच रकाना होता — सुपरमार्केटला दिलेले किलो. त्यांनी विचारलं तेवढं इमानदारीनं भरलं. वायू मी अख्ख्या कळपाचा धरला, मांस निम्म्याचं.

सकाळपासून चारदा भागून पाहिलं. कुरणाचा आकडा गोठ्यापेक्षा कमी येतो. सुयशलाही अजून सांगितलेलं नाही.